सप्रेसरचा फॉर्म ४: मंजुरीचा वेळ कुठे जातो आणि तो कुठे वाचवता येतो

अमेरिकेत सप्रेसर, म्हणजे बंदुकीचा आवाज कमी करणारी नळी, विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, किती दिवस लागतील? उत्तरादाखल जो आकडा मिळतो, तो बहुधा फॉर्म ४, म्हणजे सप्रेसर खरेदीदाराच्या नावावर करण्याचा अर्ज, शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या एटीएफ या संघीय यंत्रणेकडे दाखल झाल्यानंतरच्या दिवसांचा असतो. पैसे मोजल्यापासून वस्तू हातात पडेपर्यंतचा काळ त्याहून मोठा असतो आणि त्याचे चार तुकडे पडतात: माल तुमच्या डीलरच्या नावावर येणे, अर्ज तयार होऊन दाखल होणे, एटीएफची तपासणी, आणि मंजुरीनंतर दुकानात जाऊन ताबा घेणे. तिसऱ्या तुकड्यात तुम्ही फारसे काही करू शकत नाही. बाकीच्या तिन्हींत बरेच काही करू शकता, आणि आठवडेच्या आठवडे वाया जातात ते तिथेच.

कायदा काय मागतो

१९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट, म्हणजे एनएफए, ठरावीक शस्त्रांना आणि साधनांना लागू होतो: मशीनगन, १६ इंचांहून आखूड नळीची रायफल, १८ इंचांहून आखूड नळीची शॉटगन, सप्रेसर, स्फोटक किंवा मोठ्या तोंडाची ‘डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस’, आणि कोणत्याच गटात न बसणारी ‘एनी अदर वेपन’. यातली कोणतीही वस्तू एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जायची असेल, तर एटीएफची मंजुरी आधी लागते. मंजुरीपूर्वी ताबा दिला-घेतला तर तो दहा वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

२०० डॉलरचा हस्तांतरण कर १९३४ पासून तसाच होता, फक्त ‘एनी अदर वेपन’वर तो ५ डॉलर होता. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने तो १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसर, आखूड रायफली, आखूड शॉटगन आणि ‘एनी अदर वेपन’ यांच्यासाठी शून्य केला. मशीनगन आणि डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइससाठी २०० डॉलर कायम आहेत. कर गेला म्हणून अर्ज गेला, असा समज करून घेऊ नका. नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमी तपासणी आणि पूर्वमंजुरी सगळे जसेच्या तसे आहे. प्रत्येक वस्तूसाठी वेगळा फॉर्म लागतो, हेही बदललेले नाही. बदलली ती गर्दी. कर शून्य झाल्यावर अर्ज वाढणारच, त्यामुळे २०२४ किंवा २०२५ मधल्या दिवसांच्या आकड्यांवर आजचे नियोजन करू नये.

पात्रता तपासूनच पैसे द्या

सर्वांत लांब प्रतीक्षा ही नामंजूर होणाऱ्या अर्जाची असते, म्हणून हे आधी.

पहिली पायरी राज्याची. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या आठ राज्यांत, तसेच वॉशिंग्टन डीसीमध्ये सामान्य नागरिकाला सप्रेसर ठेवता येत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्याचा विषय इथेच संपतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मित्राकडे ठेवू, ही पळवाट नाही. नोंदणी तुमच्या नावावर आणि वस्तू दुसऱ्याच्या घरात, त्याच्या हाताला लागेल अशी, हा दोघांसाठीही धोका आहे.

दुसरी पायरी इमिग्रेशनची, आणि मराठी कुटुंबांत चूक बहुतेक इथे होते. ग्रीन कार्डधारक संघीय कायद्यानुसार पात्र आहे. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला मात्र बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. कायद्यात मोजके अपवाद आहेत. त्यांतला सर्वसाधारणपणे लागू पडणारा म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. या अपवादावर अर्ज करायचा असेल, तर परवान्याची प्रत सोबत जोडावी लागते आणि ताबा घेण्याच्या दिवशीही तो परवाना चालू असावा लागतो. परवाने बहुधा हंगामापुरते किंवा वर्षापुरते असतात, म्हणून अर्ज लांबला तर मधल्या काळात मुदत संपत नाही ना, ते बघा. शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येते. स्थितीबद्दल जराही शंका असेल, तर डीलरला विचारू नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा. डीलरला त्याच्या कायद्याची माहिती असते, तुमच्या व्हिसाची नाही.

तिसरी गोष्ट गांजाची. राज्याने परवानगी दिलेली असली, तरी गांजा वापरता का, हा फॉर्मवरचा प्रश्न संघीय कायद्याचा असतो आणि उत्तर सहीनिशी द्यायचे असते. शिवाय डीलरकडून सप्रेसर घेताना वय किमान २१ हवे.

पहिला तुकडा: माल डीलरच्या नावावर येणे

सप्रेसर घेणाऱ्याला तो स्वतःच्याच राज्यातल्या डीलरकडून मिळतो. दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून किंवा वेबसाइटवरून घेतला, तरी तो आधी तुमच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरकडे हस्तांतरित होतो. डीलर ते डीलर हस्तांतरणाला फॉर्म ३ लागतो. त्याला कर नाही, आणि फॉर्म ४ च्या मानाने तो लवकर सुटतो, पण त्यालाही मंजुरी लागतेच. त्यानंतर माल पाठवणे, पोचणे, डीलरच्या वहीत चढणे.

कॅटलॉगमध्ये दिसतो म्हणजे माल डीलरकडे आहे, असे नसते. पैसे देण्याआधी डीलरला चार प्रश्न विचारा आणि उत्तरे ईमेलवर घ्या. ही वस्तू आज तुमच्या नावावर आहे का, असेल तर सीरियल नंबर सांगा. नसेल तर फॉर्म ३ कोण आणि कधी दाखल करणार? फॉर्म ४ ई-फॉर्म्स या एटीएफच्या ऑनलाइन प्रणालीवर भरणार की कागदावर? आणि पैसे मिळाल्यापासून दाखल करायला तुम्हाला साधारण किती दिवस लागतात? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एटीएफकडे तीन आठवड्यांत सुटणारा अर्ज दुकानातच महिनाभर पडून राहिला, तर तो महिना एटीएफच्या सरासरीत कुठेच दिसत नाही. सीरियल नंबर सांगू न शकणाऱ्या दुकानाकडे वस्तू अजून आलेली नाही, असे धरून चला.

कागदी अर्जाला आज फारसे कारण उरलेले नाही. ई-फॉर्म ४ मध्यंतरी, २०१४ मध्ये, प्रणालीवर ताण आल्यामुळे बंद केला गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये परत आला. मधल्या वर्षांत कागदी अर्जाला आठ-दहा महिने, कधी वर्षभर लागायचे. कागदावरचा प्रत्येक तपशील कोणीतरी हाताने संगणकात भरतो. तिथे वेळही जातो आणि आकड्यांची अदलाबदलही होते.

दुसरा तुकडा: अर्ज, म्हणजे जिथे तुमच्या हातात सगळ्यांत जास्त आहे

फॉर्म ४ मध्ये अर्जदार विक्रेता असतो. डीलर त्याच्या ई-फॉर्म्स खात्यातून अर्ज सुरू करतो, वस्तूचा तपशील भरतो, आणि तुम्ही तुमच्या खात्याच्या पिनने प्रमाणित करता. म्हणून तुमचे ई-फॉर्म्स खाते खरेदीच्या आधीच उघडून ठेवा. खात्यातले नाव, पत्ता आणि ईमेल अर्जात उतरतो, त्यामुळे तिथली चूक पुढे प्रत्येक अर्जात जाते.

नावाचे प्रकरण नीट समजून घ्या. मराठी पद्धतीत मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे. भारतीय पासपोर्टवर ते बहुतेकदा पहिल्या नावाला जोडून ‘गिव्हन नेम’मध्ये जाते. ग्रीन कार्डवर ते तसेच उतरते. ड्रायव्हिंग लायसन्सवर मात्र कधी मधले नाव म्हणून येते, कधी फक्त आद्याक्षर, कधी गायबच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंच्या बाबतीत तीन कागदांवर तीन नावे सापडू शकतात. तपासणीत ही सगळी नावे वेगवेगळ्या नोंदींशी जुळवली जातात. ताबा घेताना दाखवायच्या सरकारी फोटो ओळखपत्रावर जे नाव आहे, तेच अर्जावर, ठशांच्या कार्डावर आणि ट्रस्टच्या कागदावर अक्षर न अक्षर तसेच ठेवा. ठशांच्या कार्डावर पूर्वीची किंवा दुसरी नावे लिहायला जागा असते. लग्नाआधीचे नाव तिथे लिहा, लपवण्यासारखे त्यात काही नाही आणि जुळणी सोपी होते. लायसन्सवरचे नाव चुकीचे असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. त्यात गेलेला आठवडा पुढचे दोन महिने वाचवतो.

तारीख महिना-दिवस-वर्ष अशी लिहायची. ०४/०७ म्हणजे ४ जुलै समजून भरणाऱ्याची जन्मतारीख ७ एप्रिल होते आणि त्या जन्मतारखेचा माणूस नोंदीत सापडत नाही. १२ च्या पुढचा दिवस असेल तर प्रणाली अडवते, १२ च्या आतला असेल तर चूक निमूट पुढे जाते. उंची फूट-इंचांत, वजन पौंडांत.

पत्ता राहत्या घराचा, पोस्ट बॉक्स चालत नाही. अपार्टमेंटचा क्रमांक लायसन्सवर असेल तर अर्जातही हवा. अमेरिकन नागरिक नसाल तर एलियन नंबर भरावा लागतो. ग्रीन कार्डवर तो ‘यूएससीआयएस नंबर’ या नावाने छापलेला असतो. नॉन-इमिग्रंट व्हिसावर अपवादाने अर्ज करणाऱ्यांनी आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवरचा क्रमांक हाताशी ठेवावा. नागरिकत्व नुकतेच मिळाले असेल आणि सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत जुनी स्थितीच असेल, तर ती नोंद आधी अद्ययावत करा.

वस्तूची बाजू डीलर भरतो, पण वाचायची तुम्ही. उत्पादकाचे नाव, मॉडेल, कॅलिबर, सीरियल नंबर आणि लांबी हे वस्तूवर कोरलेल्याशी आणि डीलरच्या मंजूर फॉर्म ३ शी जुळले पाहिजे. सीरियलमध्ये शून्य आणि ओ, एक आणि आय, यांची गल्लत नेहमीची आहे. नळीवरच्या कोरीव अक्षरांचा फोटो डीलरकडून मागवा आणि त्यावरून वाचा. पिन टाकण्याआधीची ही पाच मिनिटे साऱ्या प्रक्रियेतली सगळ्यांत मोलाची, कारण दाखल झाल्यावर अर्ज तुम्हाला बदलता येत नाही.

बोटांचे ठसे आणि फोटो

ठशांचे प्रमाणित कार्ड म्हणजे एफडी-२५८. त्यात १४ चौकटी असतात: दहा बोटांचे एकेक, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून घेतलेले ठसे, आणि खाली दोन्ही हातांच्या चार-चार बोटांचे आणि दोन्ही अंगठ्यांचे सरळ दाबलेले. ई-फॉर्म्ससाठी हेच ठसे ईएफटी नावाच्या फाइलमध्ये लागतात. ती काही दुकानांतल्या किऑस्कवर, डिजिटल ठसे घेणाऱ्या केंद्रात किंवा शाईच्या कार्डाचे स्कॅन करून मिळते. फाइल १२ एमबीपेक्षा मोठी नसावी. ती स्वतःकडे जपून ठेवा, पुढच्या अर्जाला पुन्हा वापरता येते.

ठसे वाया जाण्याची कारणे ठरलेली असतात. कोरड्या, भेगाळलेल्या बोटांच्या रेषा तुटक उमटतात. फरशी किंवा गाड्यांचे काम करणारे, सारखे रसायनाने हात धुणारे आणि वयस्कर यांच्या रेषा झिजलेल्या असतात. उलट क्रीम लावून लगेच गेल्यास ठसा लिबलिबीत होतो आणि रेषा एकमेकींत मिसळतात. म्हणून चार-पाच दिवस आधीपासून रात्री हातांना साधे मॉइश्चरायझर लावा आणि ठसे देण्याच्या दिवशी सकाळपासून काही लावू नका. शाई काळी आणि पातळ थराची असावी. बोट तुम्ही स्वतः फिरवू नका, हात सैल सोडा आणि ठसे घेणाऱ्याला फिरवू द्या. जोर लावला की ठसा पसरतो. दोन कार्डांवर घ्या, चांगले निघेल ते स्कॅनला द्या.

ईएफटी जोडली नाही तर अर्ज दाखल केल्यावर बारकोड असलेले पत्र मिळते. ते छापून कागदी ठसे कार्डांसह १० कामकाजी दिवसांत एटीएफकडे पोचले पाहिजेत. बारकोडाशिवाय पाठवलेली कार्डे कोणत्या अर्जाची, ते शोधण्यात दिवस जातात. हा मार्ग शक्यतो टाळा.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, समोरून, गेल्या वर्षभरातला. भारतीय पासपोर्टसाठी काढलेला याच मापाचा फोटो चालू शकतो, फक्त तो जुना नसावा. मोबाइलने काढायचा असेल तर पाठीमागे पांढरी भिंत, चेहऱ्यावर सावली नाही, टोपी नाही.

सही झालेल्या अर्जाची एक प्रत तुमच्या भागातल्या मुख्य पोलिस अधिकाऱ्याला, म्हणजे शेरीफला किंवा पोलिसप्रमुखाला, पाठवायची असते. १३ जुलै २०१६ पासून लागू झालेल्या नियमाने त्यांच्या संमतीची अट काढली आणि फक्त कळवण्याची ठेवली. उत्तर येत नाही, येण्याची वाटही बघायची नाही. टपालाची पावती जपून ठेवा.

वैयक्तिक की ट्रस्ट

एकट्याने वापरायचे असेल तर वैयक्तिक नावावर अर्ज करा. कागद कमी आणि तपासणी एकाच माणसाची. वस्तू ट्रस्टच्या, म्हणजे विश्वस्तनिधीच्या, नावावरही घेता येते. त्याचा फायदा असा की त्यातले सगळे विश्वस्त ती वस्तू कायदेशीरपणे बाळगू आणि वापरू शकतात. किंमत मोजायची ती वेळेत. ट्रस्टवर अधिकार असलेल्या प्रत्येक ‘रिस्पॉन्सिबल पर्सन’चे ठसे, फोटो आणि ५३२०.२३ ही प्रश्नावली लागते. तपासणी सगळ्यांची होते आणि अर्ज सर्वांत संथ माणसाच्या गतीने पुढे सरकतो.

म्हणून नातेवाईक भरमसाट जोडू नका. भारतात स्थायिक असलेल्या भावाला विश्वस्त केले, तर प्रत्येक अर्जाला त्याचे ठसे अमेरिकन पद्धतीने आणायची जबाबदारी येते. एच-४ वर असलेल्या पत्नीला, अपवाद लागू नसताना, विश्वस्त केले तर तिच्यावरची बंदी अख्ख्या अर्जाला लागते आणि तो नामंजूर होतो. अशा वेळी तिला लाभार्थी ठेवा, अधिकार देऊ नका, आणि ग्रीन कार्ड आल्यावर ट्रस्टमध्ये दुरुस्ती करा. गेल्या २४ महिन्यांत त्याच ट्रस्टचा अर्ज मंजूर झाला असेल आणि कागद बदललेले नसतील, तर ट्रस्टचे दस्तऐवज परत जोडण्याऐवजी तसे प्रमाणपत्र देता येते. ही सवलत दस्तऐवजांपुरती आहे, ठसे-फोटो दर वेळी द्यावेच लागतात. ट्रस्टच्या दस्तऐवजावर नोटरीची तारीख, सर्व पाने आणि सर्व परिशिष्टे आहेत ना, ते स्कॅन करताना पानागणिक बघा. एखादे पान निसटणे ही ट्रस्टच्या अर्जातली हमखास चूक आहे.

तिसरा तुकडा: वाट बघणे

अर्ज वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथल्या एनएफए विभागाकडे जातो. पार्श्वभूमी तपासणी एफबीआयच्या निक्स या प्रणालीतून होते. साध्या बंदुकीच्या खरेदीत निक्सने तीन कामकाजी दिवसांत उत्तर दिले नाही, तर डीलर विक्री पूर्ण करू शकतो. एनएफएच्या वस्तूंना तो नियम लागू नाही. इथे स्पष्ट मंजुरी आल्याशिवाय काहीच होत नाही.

एटीएफ आपल्या संकेतस्थळावर फॉर्मनिहाय प्रक्रिया काळ देते: ई-फॉर्म वेगळा, कागदी वेगळा, वैयक्तिक वेगळा, ट्रस्ट वेगळा. तो वाचताना एवढे ध्यानात घ्या की ती नुकत्याच निकालात निघालेल्या अर्जांची सरासरी असते. अजून अडकून पडलेले अर्ज तिच्यात नसतात. गर्दी वाढत असताना सरासरी खरी परिस्थिती कमी दाखवते आणि गर्दी ओसरताना जास्त. शिवाय अर्ज सरळ रांगेने सुटत नाहीत. ज्याची तपासणी पहिल्याच फेरीत स्वच्छ निघते तो आधी सुटतो, ज्याच्यावर एखाद्या माणसाला बसून बघावे लागते तो मागे राहतो. तुमच्यासोबत अर्ज केलेल्याची मंजुरी आली आणि तुमची नाही, याचा अर्थ काही बिघडले असा होत नाही.

ई-फॉर्म्सवर स्थिती दिवसातून दहादा बघून काही हलत नाही. मंजुरी ईमेलने येते, सोबत पीडीएफ असते. स्पॅम फोल्डर मात्र आठवड्यातून एकदा जरूर बघा, कारण जादा माहिती मागणारा ईमेलही तिथेच अडकतो आणि त्याला उत्तर देईपर्यंत अर्ज थांबलेला असतो. ऑफिसचा ईमेल देऊ नका. नोकरी बदलली की पत्ता गेला.

उशीर वारंवार निक्समुळे होत असेल, तर तो का होतो ते समजून घ्या. नाव आणि जन्मतारीख दुसऱ्या कोणाच्या नोंदीशी मिळतीजुळती असणे, जुन्या अटकेचा निकाल न्यायालयाच्या नोंदीत न चढणे, इमिग्रेशन नोंदीत विसंगती, ही नेहमीची कारणे. तपासणी ८८ दिवसांत निकाली निघाली नाही तर एफबीआय ती उघडी नोंद काढून टाकते आणि एटीएफ अर्ज नामंजूर करते. तो तुमच्यावरचा ठपका नसतो, पण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात असते. त्यावर उपाय म्हणजे एफबीआयच्या ऐच्छिक नोंदीत, ज्याला व्हीएएफ म्हणतात, ठशांसह अर्ज करून यूपीआयएन हा ओळख क्रमांक मिळवणे. तो पुढच्या प्रत्येक फॉर्मवर लिहायचा. हा क्रमांक मिळायलाही वेळ लागतो, म्हणून साध्या बंदुकीच्या खरेदीत दोनदा ‘डिले’, म्हणजे निर्णय लांबणीवर, असे उत्तर आले असेल, तर सप्रेसरचा विचार करण्याआधीच त्यासाठी अर्ज करा.

सरासरीच्या दुपटीहून जास्त दिवस झाले तर आधी डीलरकडून त्याच्या खात्यातली स्थिती तपासून घ्या, मग एनएफए विभागाला फोन करा. फोनच्या वेळी सीरियल नंबर आणि सबमिशनचा क्रमांक समोर ठेवा. आपल्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयामार्फत विचारणा करता येते. ती रांगेत पुढे नेत नाही, पण हरवलेला किंवा विसरलेला अर्ज त्यातून सापडतो. सरासरीच्या आतल्या अर्जासाठी असे पत्र लावणे म्हणजे दोन्हीकडच्या लोकांचा वेळ घेणे.

मध्येच घर बदलले तर

त्याच राज्यात, त्याच डीलरजवळ घर बदलले तर डीलरला लगेच कळवा. त्याच्यामार्फत पत्त्याची दुरुस्ती एटीएफला पाठवता येते. राज्य बदलले तर चालू अर्ज मागे घ्यावा लागतो. वस्तू नव्या राज्यातल्या डीलरकडे फॉर्म ३ ने जाते आणि तिथून नवा फॉर्म ४. नोकरीमुळे चार-सहा महिन्यांत दुसऱ्या राज्यात जाण्याची शक्यता असेल, तर खरेदी तिथे पोचल्यावरच करा, हा आमचा स्पष्ट सल्ला.

नामंजूर झाल्यास

पत्रात कारण असते. ठसे अस्पष्ट, कागद अपुरे, तपशील विसंगत अशा कारणांवर दुरुस्ती करून नव्याने दाखल करता येते. भरलेला कर असेल तर तो परत मिळतो. निक्सने ‘नकार’ दिला असेल तर वाद एटीएफशी घालून उपयोग नाही. कारण विचारणे आणि अपील, दोन्ही एफबीआयकडे करायचे. तेच कागद तसेच पुन्हा पाठवू नका.

फॉर्म १ आणि फॉर्म ५ थोडक्यात

स्वतःच्या रायफलला आखूड नळी लावायची असेल तर फॉर्म १. मंजुरीआधी नळी कापणे किंवा जोडणे नाही, आणि आखूड नळी त्या रायफलसोबत घरात जमवून ठेवणेही अंगलट येऊ शकते. मंजुरीनंतर बनवणाऱ्याचे नाव, शहर आणि राज्य किमान ०.००३ इंच खोल कोरावे लागते, सीरियलचे अक्षर किमान १/१६ इंच. सफाई किट म्हणून विकल्या जाणाऱ्या नळकांड्यांपासून सप्रेसर बनवण्याच्या भानगडीत पडू नका. २०२२ च्या सुरुवातीला एटीएफने असे अर्ज मोठ्या संख्येने नामंजूर केले, कारण ते भाग त्यांच्या मते आधीच सप्रेसर होते.

वारसाहक्काने आलेल्या नोंदणीकृत वस्तूसाठी फॉर्म ५, करमुक्त. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती अर्ज करते आणि तोवर वस्तू तिच्याच ताब्यात राहते, वारसाने उचलून न्यायची नाही. मूळ नोंदणीचा कागद शोधणे हे इथले पहिले काम. नोंदणी नसलेली वस्तू वारसाला नंतर नोंदवता येत नाही. तशी सर्वसाधारण मुभा १९६८ मध्ये ३० दिवसांसाठी दिली गेली होती. त्यामुळे कागद सापडत नसेल तर वस्तू हलवण्याआधी वकील गाठा.

चौथा तुकडा: मंजुरी आली

दुकानात जाण्याआधी मंजूर फॉर्म उघडून नाव आणि सीरियल पुन्हा वाचा. चूक राहिली असेल तर ताबा घेण्यापूर्वी डीलरमार्फत दुरुस्त करून घ्या, नंतर ती जास्त किचकट होते. दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे डीलरकडून बंदूक घेताना भरायचा संघीय फॉर्म, भरावा लागतो. त्याला सरकारी फोटो ओळखपत्र लागते आणि त्यावर सध्याचा पत्ता हवा. पासपोर्टवर पत्ता नसतो, म्हणून एकटा पासपोर्ट चालत नाही. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर सध्याच्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीची नोंदणी, सोबत न्या. ग्रीन कार्डही न्या. ट्रस्टच्या वतीने जाणारा माणूस ट्रस्टमध्ये नाव असलेलाच हवा. दुकानाची वेळ फोनवर ठरवून जा. शनिवारी सगळे येतात, आणि एनएफएच्या वस्तूंचे काम सांभाळणारा माणूस दर दुकानात रोज असतोच असे नाही.

सप्रेसर हाताळताना दुकानातच कोरलेला सीरियल नंबर कागदाशी शेवटचा एकदा ताडून बघा. मंजूर फॉर्मची एक प्रत बंदुकीच्या पेटीत, एक फोनवर, आणि एक घरी तिजोरीत ठेवा. एटीएफच्या अधिकाऱ्याने मागितल्यास ती दाखवावी लागते. सप्रेसर घेऊन राज्याबाहेर जाताना संघीय परवानगी लागत नाही, फक्त त्या राज्यात तो कायदेशीर असावा. आखूड रायफल, आखूड शॉटगन, मशीनगन किंवा डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस नेताना मात्र फॉर्म ५३२०.२० आधी मंजूर करून घ्यावा लागतो. तो विनाशुल्क आहे, पण त्यालाही दिवस लागतात, म्हणून प्रवासाच्या तारखा ठरल्या की लगेच पाठवा.